अंगणवाडीत पहिल्यांदा जाताना : एनएसएसच्या नव्या मुलामुलींसाठी

पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत काय काय होतं ते आधी सांगते. मुळाक्षरांची रंगीत कार्डं, तीही लॅमिनेट करून घेतलेली. फळांचा तक्ता. स्केचपेनांची दोन पाकिटं. रात्री अकरापर्यंत जागून रंगवलेला स्वागताचा कार्डशीट. आणि पाव किलो चॉकलेटं. यातलं त्या दिवशी कामाला आलं ते एवढंच, की पिशवी कापडाची होती. एका पोरानं ती जमिनीवर पसरली, एक मुलगी तिच्यावर बसली आणि ‘टॅक्टर, टॅक्टर’ करत त्यानं तिला ओढायला सुरुवात केली. कार्डं मदतनीस मावशींनी गोळा करून कपाटावर ठेवली. दोन वर्षांनी मी तिथून बाहेर पडले तेव्हाही ती तिथंच होती, धूळ खात.

ही अंगणवाडी कराडजवळच्या एका गावाच्या टोकाला. मी तिथं दोन वर्षं दर मंगळवारी गेले. आता दर जुलैत, एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, नावनोंदणी झाली की ज्युनिअर मुलंमुली फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, तिथं जाऊन शिकवायचं काय?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. काही शिकवायचं नाही. तिथं शिकवणारी बाई आहे, तिचं प्रशिक्षण झालंय आणि तिला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. आपण जादाचे दोन हात म्हणून जायचं, आणि ते हात ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तिथं असायला हवेत. गाणी, गोष्टी, खेळ हे सगळं मागाहून जमतं.

आधी कागद

उठून थेट अंगणवाडीत जाऊ नका. आपल्या कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पत्रात तुमची नावं, कोणता वार, किती ते किती वाजता आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे स्पष्ट हवं. अंगणवाडी सेविकेच्या वर मुख्य सेविका असतात, त्यांना पर्यवेक्षिकाही म्हणतात, आणि त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. परवानगी तिथून येऊ द्या. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हे किचकट वाटेल, पण एखाद्या दिवशी कुणी अधिकारी भेटीला आले आणि ‘या मुली कोण?’ असं विचारलं तर उत्तर सेविकाताईंना द्यावं लागतं. आपल्यामुळे त्यांची पंचाईत होऊ नये.

पुण्या-मुंबईत असाल तर वस्त्यांमधल्या लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था आहेत. डोअर स्टेप स्कूल आणि प्रथम ही तुम्ही ऐकलेली नावं असतील. तिथं स्वयंसेवकांसाठी त्यांची स्वतःची पद्धत असते, तीच पाळायची.

तासांचा हिशेब आधीच करून ठेवा. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. एका फेरीचे अडीच तास धरले तर वीस फेऱ्यांत पन्नास तास होतात. उरलेले तास वृक्षारोपण, स्वच्छता, रॅली यांतून भरतातच. त्यामुळे ‘तास भरायचे म्हणून’ आठवड्यातून चार दिवस अंगणवाडीत जाऊन दोन महिन्यांत आटोपून टाकायचा विचार करू नका. मुलांच्या दृष्टीनं ते सगळ्यात वाईट. त्यांना तुमची सवय लागते न लागते तोच तुम्ही गायब.

वार निवडताना कॉलेजचं वेळापत्रक पाहा, प्रॅक्टिकल कधी असतं ते पाहा, एसटी किती वाजता आहे ते पाहा. मी मंगळवार घेतला तो केवळ त्या दिवशी पहिला तास अकराला होता म्हणून. एकदा वार ठरला की तो मोडायचा नाही. मोडावाच लागला तर आदल्या दिवशी सेविकाताईंना फोन करा, म्हणजे त्या मुलांना सांगू शकतात.

पहिली फेरी नुसती बघायची

मुलांसमोर काही ‘घेण्याआधी’ एक पूर्ण सकाळ कोपऱ्यात बसून काढा. सेविकेला ‘ताई’ म्हणा, मॅडम नको. मदतनीस बहुतेक वेळा वयानं मोठ्या असतात, त्यांना मावशी किंवा काकू, त्या गावात जे म्हणतात ते. मुलं तुम्हाला ताई किंवा दादा म्हणतील. ‘सर’ म्हणवून घ्यायची हौस असलेला एक मुलगा आमच्या गटात होता. मुलांनी त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात ‘सर दादा’ करून टाकलं.

त्या सकाळी सेविकाताईंचं काम नीट पाहिलंत तर तुमचे निम्मे गैरसमज तिथंच गळून पडतील. आपल्याला वाटतं, अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि गाणी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली की पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. समोर तीन ते सहा वर्षांची मुलं बसलेली दिसतात, पण सहा महिन्यांपासूनची बाळं, गरोदर बाया, बाळंतिणी हेही सगळं त्याच बाईकडे. घरी न्यायच्या आहाराचं वाटप, गृहभेटी, रजिस्टरं, मोबाइलवर पोषण ट्रॅकर नावाच्या अ‍ॅपमध्ये नोंदी. आमच्या ताई एका हातानं मोबाइलवर हजेरी भरत, दुसऱ्या हातानं एका पोराचं नाक पुसत आणि तोंडानं गाणं म्हणत. मी हे तीन मंगळवार पाहिलं आणि मग कळलं की आपण काय करायचं. नाक पुसायचं.

निघताना ताईंना चार गोष्टी विचारून घ्या. कोणत्या मुलाला आजार आहे किंवा काही खायला चालत नाही? कोणतं मूल कुणाबरोबर घरी जातं? शू-शीला कोण नेतं? आणि माझी खरी मदत तुम्हाला कोणत्या वेळेत होईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक अंगणवाडीत वेगळं येतं. आमच्याकडे ते होतं : खाऊ वाढायच्या आधीची वीस मिनिटं, कारण तेव्हा मुलं भुकेली असतात, हात धुवायची रांग असते आणि सगळे रडे तेव्हाच लागतात.

कपडे आणि पिशवी

उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल, मळले तर चालतील असे सुती कपडे. ओढणी असेल तर गाठ मारून टाका. लोंबते डूल घालू नका, दीड-दोन वर्षांचं भावंड कडेवर आलं तर पहिला हात तिथंच जातो आणि ते फार दुखतं. नखं कापलेली हवीत. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात न घालता खिशात ठेवा, गळ्यातली दोरी हे ओढायचं खेळणं आहे.

पिशवीत पाण्याची बाटली, दोन जुने रुमाल, जुनी वर्तमानपत्रं, खडूचे तुकडे. बास. चॉकलेटं न्यायची नाहीत. माझी त्या दिवशीची चॉकलेटं ताईंनी शांतपणे परत दिली आणि म्हणाल्या, ‘आज आणलीस तर पुढच्या वेळेला तुझ्या पिशवीकडं बघतील, तुझ्याकडं न्हाई.’ शिवाय गोल, कडक गोळ्या आणि अख्खे शेंगदाणे या वयात घशात अडकू शकतात. फुगेही टाळा, फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात घालतं. वाढदिवस म्हणून काही न्यायचंच असेल तर ताईंना विचारून केळी न्या.

मोबाइल बंद करून पिशवीत.

पहिला खरा दिवस

आत गेलात की खाली बसा. उभं राहून बोललात तर मुलांना तुमचे गुडघे दिसतात. भिंतीला टेकून बसा, हातात काहीतरी चाळा ठेवा, म्हणजे कागदाची होडी करत राहा किंवा खडूनं जमिनीवर रेघा मारत राहा, आणि वाट पाहा. कुणाला बोलावू नका, कुणाला उचलून घेऊ नका, गाल तर अजिबात ओढू नका. चार-पाच मिनिटांत एक धीट पोर येतं आणि ‘काय करती?’ विचारतं. त्याला उत्तर द्या आणि अर्धा कागद त्याच्या हातात द्या. त्याच्या मागून दुसरं येतं. बुजरी मुलं दोन-तीन आठवड्यांनी येतील, काही महिन्यानं. आमच्याकडची एक मुलगी दिवाळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, फक्त दर मंगळवारी माझ्या चपला उचलून दाराच्या आत सरळ लावून ठेवायची. मी तिला ‘बोल की गं’ असं कधी म्हटलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

नावं पाठ करायला वेळ द्या. घरी जाताना एसटीत डायरीत लिहा : नाव, आणि त्या मुलाची एक खूण. ‘लाल बनियन’ अशी खूण लिहू नका, पुढच्या मंगळवारी बनियन निळं असतं. ‘डावखुरा’, ‘मांजराचा आवाज काढतो’, ‘आजीचा पदर सोडत नाही’ असं लिहा. तिसऱ्या फेरीला पंधरा मुलांना नावानं हाक मारता आली की तुमची अर्धी लढाई संपली.

रडणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी सगळं उलटं केलं. एक लहान मुलगा आई गेली म्हणून रडत होता. मी त्याला खिडकीतला कावळा दाखवला, खुळखुळा वाजवला, ‘आई येणार हं आत्ता’ म्हणाले. आई बाराला येणार होती आणि तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्याला दहा मिनिटांनी कळलं की ही ताई खोटं बोलते, आणि मग जो सूर लागला त्यात बाकीची चार पोरं सामील झाली. ताईंनी येऊन त्याला मांडीजवळ बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘आईची आठवण आली. व्हय ना? खाऊ खाऊ, मग एक गाणं म्हणू, मग आई.’ तो रडत राहिला, पण आवाज उतरला. या वयाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. कशानंतर काय, ते खरं सांगायचं.

काय खेळायचं

अंगणवाडीचा दिवस ताईंच्या क्रमानं चालतो : प्रार्थना, गप्पा, गाणी, एखादा बैठा उपक्रम, खाऊ, मोकळा खेळ. त्यात घुसून ‘आज मी घेते’ म्हणायचं नाही. ताई स्वतःहून ‘आज तू घे’ म्हणतील. माझ्या बाबतीत तो दिवस सहाव्या मंगळवारी आला. तोपर्यंत गाणं त्या म्हणायच्या, मी हातवारे करायचे आणि पाठीमागच्या चुळबुळ्यांना सांभाळायचे.

एक गोष्ट पक्की धरून चाला : पाच ते दहा मिनिटांपेक्षा जास्त एका ठिकाणी कुणी बसणार नाही, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. बैठ्या खेळानंतर लगेच उठून उड्या मारायचा खेळ ठेवा. आपडी-थापडी झाली की बेडूकउड्या, मग पुन्हा बसून बोटांची गंमत.

साहित्य विकत आणायची गरज नसते. ही कल्पना काही माझी नाही, ती आपल्याकडची जुनी आहे. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांबरोबर १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे, माती, हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नव्हती तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात ते अंगण अजून आहे, फरशी बसवली तरी.

तर आमच्याकडं जे चाललं ते सांगते. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की कागदावर फुलं उमटतात, यावर पाऊण तास गेला होता, वर पाच-दहा मिनिटं म्हटलं ते विसरून. वर्तमानपत्र टराटरा फाडणं, हा एक स्वतंत्र खेळ आहे, त्यानं बोटांना ताकद येते आणि राग असेल तर तोही जातो. फाडलेले तुकडे गोळा करून डब्यात टाकायची शर्यत लावली की साफसफाईही होते. ओल्या मातीच्या भाकऱ्या. पाण्यात काय तरंगतं, काय बुडतं : पान, खडा, बूच, ताईंची किल्ली. (किल्ली बुडाली आणि मग हंड्यातून काढायला मावशींना चिमटा लागला.) गोष्टींमध्ये चिऊ-काऊला तोड नाही. मुलांना ती पाठ असते आणि म्हणूनच पुन्हा हवी असते. तुम्ही मध्येच मुद्दाम चुकलात तर सगळा वर्ग तुम्हाला दुरुस्त करतो, आणि त्या गलक्यात चपला लावणारी मुलगीसुद्धा पहिल्यांदा ओरडली होती.

चिंचोक्यांबद्दल मात्र एक इशारा. मोजायला, ओळीत मांडायला चिंचोके छान, पण फक्त मोठ्या मुलांना आणि तुम्ही शेजारी बसलेले असताना. माझं लक्ष दोन मिनिटं दुसरीकडं गेलं आणि एका पोरानं चिंचोका नाकात घातला. मी बोट घालून काढायला गेले, तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला. बोट घातलं की वस्तू आणखी आत जाते. त्याला तोंडानं श्वास घ्यायला सांगून, शांत बसवून, आईला बोलावून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी काढला. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात ठेवायची सवय तेव्हा लागली : वीस काढले तर वीसच परत.

भांडणं, चावे आणि ‘नको’

मुलं मारतात, ढकलतात, चावतात. दोघांच्या मध्ये हात घाला, दोघांना वेगळं करा, आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे बघा. न्यायाधीश व्हायला जाऊ नका, ‘आधी कुणी मारलं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर मिळालेलं नाही. चावणाऱ्याला ‘चावलं की दुखतं. गाडी पाहिजे तर दे म्हणायचं’ एवढं सांगून पुरतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगा. त्याच्याही पुढच्या आठवड्यात.

‘पळू नका’ म्हटलं की मुलांना फक्त ‘पळू’ ऐकू येतं असं माझं मत झालंय. त्यापेक्षा ‘हत्तीसारखं चाला’ म्हणा. ओरडू नका, आवाज खाली आणा, मुलं ऐकायला जवळ येतात. ‘पोलीस येईल’, ‘बागुलबुवा नेईल’, ‘सुई टोचू’ ही घरगुती अस्त्रं अजिबात वापरायची नाहीत, विशेषतः सुईचं. लसीकरणाच्या दिवशी त्याची किंमत नर्सताई मोजतात. हात उगारणं तर दूरच. आणि दोघांची तुलना नको. ‘बघ ती कशी गप्प बसलीय’ असं म्हटलं की जी गप्प बसलीय तिचं काही भलं होत नाही.

ज्यात तडजोड नाही

हा भाग मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही नीट वाचावा.

कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा इतरांच्या नजरेआड एकटं राहायचं नाही. शू-शीला न्यायचं काम मावशींचं, त्या नसतील तर ताईंना सांगून आणि दार उघडं ठेवून. मूल स्वतःहून मांडीवर येऊन बसलं तर बसू द्या, आपण ओढून बसवायचं नाही, पापा घ्यायचा नाही. उतरायचं म्हटलं की लगेच उतरवायचं. मुलाला घरी सोडायला स्वतः जायचं नाही, कितीही जवळ असलं तरी.

फोटो काढून स्टेटसला ठेवायचे नाहीत. ‘एनएसएसच्या अहवालाला लागतात’ हे खरं आहे, पण त्यासाठी ताईंना विचारून, मुलांचे चेहरे येणार नाहीत असा एक फोटो पुरतो : हात, रंगलेले कागद, पाठमोरी रांग. शेंबूड आलेल्या पोराबरोबर आपण हसतोय असा फोटो टाकणाऱ्यांनी स्वतःच्या घरच्या बाळाचा तसा फोटो गावभर फिरलेला चालेल का, ते बघावं.

अंगावर वळ दिसले, मूल एखाद्या माणसाला पाहून आक्रसून गेलं, किंवा त्यानं काही सांगितलं, तर शांतपणे ऐका. खोदून खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्याच दिवशी ताईंना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘घरातलं प्रकरण आहे’ म्हणून गप्प बसायची मुभा कुणालाच नाही.

तुम्हाला सर्दी, ताप, डोळे आलेले असतील तर जाऊ नका. जाताना आणि निघताना साबणानं हात धुवा, मुलांनाही तुमच्याबरोबर धुवायला लावा. आणि हो, उवा होतील. लाज नाही त्यात, केस बांधून जा आणि रविवारी बारीक कंगवा फिरवा.

वजनाचा दिवस

महिन्यातून एकदा वजन-उंचीचा दिवस असतो. त्या दिवशी तुमची मदत खरोखर लागते, कारण काट्यावर कुणालाच स्थिर उभं राहायचं नसतं. मुलांना रांगेत गुंतवून ठेवा, चपला काढा, काटा शून्यावर आहे ना ते ताईंना विचारा. दंडाभोवती लावायची रंगीत पट्टी असते : सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढं हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. आकडा ताईंच्या कानात सांगायचा. मी पहिल्यांदा ‘अय्या, लाल!’ असं मोठ्यानं म्हणाले आणि दारात उभी असलेली त्याची आई मान खाली घालून बाहेर गेली. ताई मला काही बोलल्या नाहीत, त्या तिच्या मागे गेल्या. नंतर त्यांनी त्या बाळाला आरोग्य केंद्रात नेण्यासाठी तिच्या तीन गृहभेटी केल्या. माझा एक शब्द भरून काढायला तीन भेटी.

हंगामात आलेली मुलं

पश्चिम महाराष्ट्रात काम करणार असाल तर हे होणारच. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटे उसाच्या फडात जातात, कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, लहानांना सांभाळायला थोडी मोठी भावंडं. ताई त्या कोप्यांवर जाऊन मुलांना घेऊन येत. एकाएकी वर्गात आठ-दहा नवी मुलं, आणि त्यांची बोली वेगळी. ‘का’ ऐवजी ‘कामून’. गावातली पोरं हसली. मी हसण्यावर रागावले, त्याचा उपयोग शून्य. ताईंनी दुसऱ्या दिवसापासून गाण्यात ‘कामून’ घातलं आणि आठवड्याभरात सगळा वर्ग मला ‘ताई, उशीर कामून?’ विचारायला लागला.

या मुलांबरोबर दोन गोष्टी सांभाळा. त्यांना झोप आलेली असते, कारण ती पहाटे चारला उठलेली असतात, तेव्हा गाण्याच्या तासाला एखादं पेंगलं तर सतरंजीवर झोपू द्या. आणि ‘तुझं गाव कुठलं, घर कसलं’ असे प्रश्न सगळ्यांदेखत विचारू नका. बैल, गाडी, ऊस, कोयता यांवर बोला. त्यात ती तुमच्यापेक्षा हुशार असतात. चार वर्षांच्या पोरानं मला बैल कसा हाकायचा ते तोंडानं आवाज काढून शिकवलंय.

मार्चच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि ती जातात. तारीख कुणाला नक्की माहीत नसते, टोळीच्या मुकादमाला सोडून. मी एका मंगळवारी गेले तर आठ जागा रिकाम्या. निरोप वगैरे काही नाही. म्हणून हंगामातल्या मुलांबरोबर ‘पुढच्या वेळी करू’ असं काही शिल्लक ठेवायचं नाही. भेंडीचे ठसे आजच करायचे आणि कागद आजच घरी द्यायचा.

निघताना

तुमची दोन वर्षं संपतील किंवा परीक्षा येतील, तेव्हा गपचूप गायब होऊ नका. तीन आठवडे आधी ताईंना सांगा, दोन आठवडे आधी मुलांना. ‘अजून दोन मंगळवार’ म्हणून जमिनीवर दोन रेघा काढा, एक पुसा. शेवटच्या दिवशी मोठा कार्यक्रम, भाषण, भेटवस्तू नको. नेहमीचाच दिवस, नेहमीचीच गाणी, आणि जाताना प्रत्येकाला नावानं ‘येते हं’. ‘पुन्हा येईन’ असं म्हणू नका, येणार नसाल तर. काही मुलं रडतील, बहुतेक पळून खेळायला जातील. दोन्ही ठीक आहे.

तुमच्यानंतर ज्युनिअर कुणी येणार असेल तर त्यांना शेवटच्या दोन फेऱ्यांना बरोबर न्या. मुलांच्या खुणांची डायरी त्यांना देऊ नका, ती घरी ठेवा किंवा फाडून टाका, त्यात कुणाच्या घरचं काय काय लिहिलेलं असतं. गाण्या-खेळांची वही मात्र ताईंकडे ठेवा. आणि तासांच्या नोंदवहीवर सही घ्यायला विसरू नका. मी विसरले होते. चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, फक्त सहीपुरती म्हणून परत गेले. ताई गृहभेटीला गेल्या होत्या. मावशींनी मला दारात पाहिलं, आत जाऊन मटकीनं भरलेली परात आणली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, ‘आलीयास तर तेवढं निवड. त्या येतील अर्ध्या तासात.’